मेलेल्या मुळांच्या भरवशावर

श्रावणाला भिणारा माणूस माझ्याखेरीज दुसरा माझ्या पाहण्यात नाही. आषाढातल्या धुवाधार पावसाला लोक घाबरतात, ते समजतं. तेव्हा पाणी तुंबतं, शाळा लवकर सोडाव्या लागतात, घराघरातून फोन सुरू होतात. पण श्रावण सगळ्यांचा लाडका. आमच्या शिक्षक-खोलीत कुणीतरी खिडकीशी उभं राहून म्हणतं, काय छान ऊन पडलंय ना. एक सर येऊन जाते, पुन्हा ऊन पडतं, मैदानातून वाफा उठतात. मीही हो म्हणतो, आणि मनात मोजत राहतो. ओलं, मग ऊबदार, मग पुन्हा ओलं. लाकूड कुजायला याहून चांगली हवा नाही.

मी मुलुंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. राहतो पूर्वेला, सपाट जमिनीवर, तिसऱ्या मजल्यावर. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, आणि वहिनी राहतात स्टेशनच्या पलीकडे, पश्चिमेला, डोंगराच्या अंगावर. वडिलांची गिरणी गेल्यावर त्यांनी आणि आईने तिथे पत्र्याचं छप्पर टाकलं, मग एकेक वीट चढवली. घरामागे लगेच उभी माती आहे. तिला आम्ही लहानपणापासून दरड म्हणतो. बातम्यांमध्ये तो शब्द ज्या आवाजात उच्चारतात, तसा आमच्या तोंडी कधी नव्हता. आईची धुण्याची दोरी दरडीतून बाहेर आलेल्या एका मुळाला बांधलेली असायची. दरडीवर चढ, चढावर एका सावरीचा तोडलेला बुंधा, आणि त्याच्या मागे जंगलाची सरकारी कुंपणभिंत. बुंधा मेलेला आहे. त्याची मुळं खाली दादाच्या स्वयंपाकघरामागच्या मातीत उतरलेली आहेत. त्यातली किती उरली आहेत, हे मला माहीत नाही. माझी सगळी भीती एवढीच आहे.

सावर उभी होती तेव्हा फाल्गुनात तिच्यावर एकही पान नसायचं, नुसती लाल फुलं. फूल जड असतं सावरीचं. पत्र्यावर पडलं की थप आवाज यायचा आणि आई आतून म्हणायची, आली बघा पाहुणी. मैना आणि कावळे दिवसभर भांडायचे. उन्हाळ्यात बोंडं फुटून कापूस उडायचा, वहिनींच्या आमटीत पडायचा. झाड खोडाने मोठं, पण लाकूड पोचट. वडील म्हणायचे, काडेपेटीचं लाकूड ते, त्याच्यावर काय भरवसा.

तो भरवसा एका वादळी दिवशी संपला. जाडजूड फांदी मोडून शेजारच्या सुमनताईंच्या पत्र्यावर पडली. सुमनताई आतच होत्या, भाजी निवडत. त्यांना काही झालं नाही, पण त्या दिवसापासून सगळ्या वस्तीच्या माना वरच असायच्या. बैठक झाली. मी तिथे राहत नव्हतो, तरी मला बोलावलं होतं, कारण मी मास्तर. आणि मी बोललो. झाडाचं वय, वाऱ्याचा जोर, खोडातली पोकळी, जे सुचलं ते. माझ्या बोलण्यात दम होता, हे सांगताना आज लाज वाटते. रीतसर परवानगी आली, माणसं आली, झाड टप्प्याटप्प्याने उतरवलं. बुंधा तसाच ठेवला, तो काढायला चढावर काही नेता येत नव्हतं. संध्याकाळी लोक छपरांवर चढून मोकळं आकाश बघत होते. मला कुणीतरी पेढा दिला.

त्या पावसाळ्यात बुंध्याला कोंब फुटले. लालसर, लुसलुशीत. सावर मरायला तयार नव्हती. मला वाटलं, पुन्हा झाड होईल, पुन्हा तीच भीती. मी दर रविवारी जाऊन कोंब खुडायचो. कुणीतरी सांगितलं, बुंध्याला भोक पाडून हिंग भरा, मोठमोठी झाडं मरतात. आपल्याकडे हे सगळ्यांनाच माहीत असतं, आणि खरं-खोटं कुणीच तपासलेलं नसतं. मी, वर्गात प्रयोग आणि पडताळा शिकवणारा माणूस, वहिनींच्या डब्यातला हिंग घेऊन चढ चढलो. वहिनी हसल्या होत्या. "भाऊजी, फोडणी देताय की काय झाडाला?" हिंगाने मेलं की कोंब खुडून खुडून उपाशी मेलं, ठाऊक नाही. पुढच्या वर्षी पालवी आली नाही. वरचं झाड आम्ही भीतीपोटी तोडलं होतं, त्यात चूक असेल-नसेल. पण खालचं झाड जिवंत होतं. ते मी मारलं.

याचा अर्थ मला कळला तो जंगलात. शाळेच्या मुलांना घेऊन आम्ही बोरिवलीच्या बाजूने जंगलात गेलो होतो. माहिती सांगायला एक तरुण मुलगी होती, पायात गमबूट, केस कापलेले. तिने मुलांना एक पडलेला ओंडका दाखवला. वरून चांगला जाडजूड. तिने बोटाने दाबलं, बोट आत गेलं. मुलं ओरडली. आतून पांढरे तंतू, कोळ्याच्या जाळ्यासारखे, लाकडाच्या रेषेरेषेतून गेलेले. ती बुरशी, ती म्हणाली, तीच आधी लाकूड मऊ करते. मग भुंग्यांच्या अळ्या, मग वाळवी. वाळवी तर नुसती खात नाही, उचलून मातीत घेऊन जाते. थंड प्रदेशात असा ओंडका माणसाच्या आयुष्यभर पडून राहील. आपल्याकडे काही पावसाळे. थोडं वर उघड्या कातळावर तसलंच एक खोड होतं, उन्हाने राखाडी आणि हाडासारखं टणक झालेलं. नुसतं कोरडं टिकतं, ती म्हणाली, पाण्यात पूर्ण बुडालेलंही टिकतं. ओलं-सुकं, ओलं-सुकं होतं ना, ते जातं. आणि आता पाऊस मे महिन्यात सुरू होतो, दिवाळीपर्यंत जात नाही. खाणाऱ्यांचा हंगाम लांबलाय.

मी विचारलं, "आणि मुळं?"

"मुळंही जातात की, सर. फक्त दिसत नाहीत. झाड मेलं तरी मुळं काही वर्षं माती धरून ठेवतात, जिवंत असल्यासारखी. मग हळूहळू सोडतात."

"उतारावर?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज बदलला असावा. "उतारावर असं झाड असेल तर खालच्या लोकांनी जपून राहावं," ती म्हणाली आणि मुलांना पुढे घेऊन गेली. मी त्या ओंडक्यापाशी उभा राहिलो. जंगलात ती किती सुंदर गोष्ट होती. झाड माती होत होतं, त्या मातीत दुसरी रोपं उभी होती, कुणाची काही तक्रार नव्हती. मी वर्षानुवर्षं फळ्यावर विघटक असा शब्द लिहून त्याखाली रेघ ओढत आलो. त्या रेघेखाली आपल्या भावाचं घर असू शकतं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

त्या वर्षीचा श्रावण माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. नागपंचमीला दादाकडे जायची आमची पद्धत. चढावर बायका जमलेल्या दिसल्या. मला वाटलं, काहीतरी झालं. छत्री न उघडताच वर पळालो. बुंधा झाकून टाकणारं तांबड्या मातीचं वारूळ उभं होतं. गुडघ्याच्या वर आलेलं, ओलं, ताजं. त्याला हळदकुंकू वाहिलेलं, पुढे लाह्या आणि दुधाची वाटी. वहिनींच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता.

"भाऊजी, बघा, नागोबा आपल्या दारात आला. एवढी वर्षं कुठे कुठे वारूळ शोधत फिरायचो."

दादाने डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गाऱ्हाणं घातलं. गावाकडे वडील घालायचे तसंच. "बा देवा नागोबा, ह्या डोंगराक, ह्या घराक, पोराबाळांक सुखी ठेव रे महाराजा." सगळे म्हणाले, "व्हय महाराजा." मीही म्हणालो. माझी नजर वारुळाच्या बुडाशी होती. तिथून मातीच्या बारीक नळ्या निघून चढावरून खाली, दरडीकडे गेल्या होत्या. मूळ जसं गेलं असेल तशाच.

सुमनताई आपल्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या बौद्ध, पूजेत नसतात, पण गंमत सोडत नाहीत. त्यांचं घर आणि दादाचं घर यांच्यात एकच वीतभर भिंत आहे. त्या ओरडून म्हणाल्या, "ओ दादा, आमचं घरपण धरा त्या गाऱ्हाण्यात. भिंत एकच आहे."

"तुमका वेगळा सांगूक होया काय? डोंगराक म्हटलंय मी, त्यात सगळा इला," दादा म्हणाला. सगळे हसले.

जेवताना मी दादाला सांगितलं. वाळवी म्हणजे मुळं खाल्ली जात आहेत, मुळं गेली की माती सुटेल. दादाने पातोळी मोडली, तूप घातलं. "तूच म्हणालास झाड पाडा. आता म्हणतोस झाड नाही म्हणून दरड पडेल. तुझं विज्ञान काय ते एकदा ठरव." त्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. वहिनी म्हणाल्या, देवाच्या जागेबद्दल जेवताना असं बोलू नये. त्या वारुळाला आता कुणी हात लावू देणार नव्हतं, पहारीने उकरून खाली काय उरलंय ते बघणं तर लांबच. मला देवाचा राग आला नाही. मला भीती वाटली ती त्यांच्या निश्चिंतपणाची, कारण तो खरा होता, आणि मला तो परवडत नव्हता.

"पावसाळ्यापुरते आमच्याकडे या," मी म्हणालो.

हे वाक्य मी तेव्हापासून दरवर्षी म्हणतो. कसं म्हणतो, ते सांगायला हवं. दारात उभं राहून, पायात चपला घातल्यावर, छत्री उघडता उघडता. "या ना आमच्याकडे, दादा." ज्या स्वरात आपण जेवून निघालेल्या माणसाला अजून थोडा भात म्हणतो त्या स्वरात. माझं घर एका बेडरूमचं. बायको नीता, मुलगी, पुस्तकांची दोन कपाटं. मी बोलवायचो आणि त्यांनी नाहीच म्हणावं अशी तजवीजही करायचो. दादा म्हणायचा, घर बंद दिसलं की गेलं. पुनर्वसनाच्या मोजणीला कोण कधी येईल सांगता येत नाही, कुलूप दिसलं तर म्हणतील इथे कुणी राहत नाही. कारण खरंच होतं. मी ते लगेच मान्य करायचो आणि स्टेशनचा पूल ओलांडून माझ्या कोरड्या घरी यायचो.

घरी आल्यावर मात्र सुटका नसायची. पाऊस वाढला की मी फोन करायचो.

"काय करताय?"

"भजी खातोय."

"मागे पाणी येतंय का? रंग कसा आहे? गढूळ आहे का?"

"चहासारखा आहे. पाठवू का?" आणि फोन ठेवताना दादा हटकून म्हणायचा, "आहोत अजून."

तो विनोद करायचा. मी फोन हातात धरून बसायचो. सर थांबून ऊन पडलं की नीता म्हणायची, बघ, थांबला, आता तरी जेव. पण पाऊस थांबला म्हणून खालचं काम थांबत नाही, हे मला कळत होतं. उलट, उबेत ते वाढतं. तिकडे जमिनीखाली, अंधारात, लाखो जबडे आणि न दिसणारे तंतू दादाच्या घराचा एकेक दोरा कुरतडत होते, आणि त्यांचा काही दोष नव्हता. ते जंगलात करतात तेच करत होते. जंगलात खाली कुणी राहत नाही, एवढाच फरक.

आणि मुळं किती उरली, कधी सुटतील, हे कुणाला विचारायचं? मी एकदोन जाणकारांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. झाडाच्या जातीवर आहे, मातीवर आहे, पाणी कुठून मुरतं त्यावर आहे. दहा पावसाळे काही होणार नाही, किंवा या आठवड्यात. शिकलेल्या माणसाला उत्तर नसलेला प्रश्न नको असतो. मी भिंतीला भेगा आहेत का ते बघत राहिलो. दादाकडे गेलो की वहिनींशी बोलता बोलता माझे डोळे त्यांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे जायचे. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "भाऊजी, माझ्याकडे बघून बोला हो. भिंत काय पळून जात नाही."

या वर्षी पाऊस मे महिन्यातच सुरू झाला. श्रावण येईपर्यंत डोंगर इतका भिजला होता की चढावर पाऊल टाकलं की बाजूने पाणी वर यायचं. नागपंचमीला मी गेलो तेव्हा पूजा आटपली होती. दादा घरामागे उभा होता, दरडीकडे तोंड करून. पाऊस उघडला म्हणून वहिनींनी त्याला धुण्याची दोरी ताणून बांधायला सांगितली होती. त्याने ओढली. दोरीसकट मूळ त्याच्या हातात आलं होतं.

त्याने ते मला दिलं. मनगटाएवढं जाड, पण वजनच नव्हतं. वरची साल शाबूत, आत लाकूड नाही. माती भरलेली नळी. एका टोकातून दोनचार पांढऱ्या वाळव्या बाहेर आल्या, उजेडाने गोंधळल्या आणि परत आत गेल्या. दरडीत जिथून ते निघालं तिथे भोक पडलं होतं, आणि त्यातून पाण्याची धार लागली होती. गढूळ.

वहिनी आतून म्हणाल्या, "बांधली का हो दोरी?"

दादा त्या धारेकडे बघत होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "जागा आहे का रे तुझ्याकडे? खरं सांग."

मी "आहे" म्हणालो. पण ताबडतोब नाही. मधे एक क्षण गेला. त्या क्षणात मला मुलीचं अभ्यासाचं टेबल दिसलं, नीताचा चेहरा दिसला, सकाळी बाथरूमसाठी लागणारी रांग दिसली. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी मी तळमळत होतो ती समोर उभी राहिली, आणि मी हिशेब केला. दादाने तो क्षण ऐकला. आयुष्यभर मला ओळखणारा माणूस तो. तरीही तो म्हणाला, "बरं. मग संध्याकाळी येतो." एवढंच. त्याने मला त्या क्षणाबद्दल कधी काही म्हटलेलं नाही, आणि म्हणेल असंही वाटत नाही.

ते आले. वहिनींनी देव एका स्टीलच्या डब्यात आणले, कुकर आणला, आणि नीताला म्हणाल्या, चार दिवस गं. नीताने मुलीचं टेबल बेडरूममध्ये सरकवलं. तिने मला वाटलं होतं त्यातलं काहीच केलं नाही. आता हॉलमध्ये गाद्या पडतात, सकाळी रांग लागते, वहिनींच्या फोडणीतल्या हिंगाचा वास येतो आणि मला जेवण जात नाही. चार दिवसांचे किती झाले कुणी विचारत नाही.

पण घर बंद दिसून चालणार नाही, हे दादाचं म्हणणं तसंच आहे. म्हणून तो रोज सकाळी पूल ओलांडून वर जातो, दार उघडतो, दिवसभर बसतो, अंधाराआधी परत येतो. पहिले काही दिवस मी इकडे शाळेत, तो तिकडे, आणि पुन्हा तोच फोन. मग मी म्हणालो, रविवारी मी बसतो. तो नको म्हणाला. मी पायात चपला नसताना म्हणालो, बसून, त्याच्याकडे बघून. तेव्हा त्याने किल्ली दिली.

आज रविवार आहे. हे मी त्या घरात बसून लिहितो आहे. दार उघडं आहे, पंखा लावलाय, उंबऱ्यात वहाणा काढून ठेवल्या आहेत, घर नांदतं दिसावं म्हणून. पाठ मागच्या भिंतीकडे करून बसवत नाही, आणि तोंड करूनही बसवत नाही, म्हणून आडवा बसलोय. भिंत ओली आहे. हात लावला तर गार लागते, आणि हात काढल्यावर बोटांना मातीचा वास येतो. पाऊस थांबून ऊन पडलंय. मघाशी मागे काहीतरी पडलं. मी दारापर्यंत पळालो.

बाहेर सुमनताई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. "ढेकूळ पडलं भाऊ. सकाळपासून पडतायत. घ्या."

मी कप घेतला. उभ्याउभ्याच चहा संपवला.

"ताई, तुम्ही मुलीकडे का जात नाही थोडे दिवस?"

"तिची खोली बघितलीय का तुम्ही? तिथे पाय पसरायचे तर जावयाला बाहेर उभं करावं लागेल." त्या स्वतःच हसल्या. मग भिंतीला टेकून चढाकडे बघत म्हणाल्या, "तुमचं बरंय भाऊ. तुम्ही पाळीपाळीने घाबरता. आम्हाला सुट्टी नाही."

मी तोंड उघडलं. आमच्या हॉलमध्ये आता कोण कुठे झोपतं ते डोळ्यांपुढे आलं, दाराशी एक गादी मावेल का, नीताला काय सांगायचं, वहिनींना चालेल का. मावेल, असं माझं ठरेपर्यंत त्यांनी रिकामा कप माझ्या हातातून घेतला होता आणि त्या आत गेल्या होत्या.

मधल्या भिंतीपलीकडून भांडी घासल्याचा आवाज येतोय. तो थांबला की मी लिहायचा थांबतो, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत श्वास धरून बसतो.